आधी माणूस बघा, मग घर



या महिन्याचं पान एका पत्रामुळे लिहितो आहोत. पत्र महाड तालुक्यातून आलं. लिहिणारी बहीण तळीयेच्या खालच्या अंगाला, वरंधच्या वाटेवरच्या एका गावात राहते. नवरा फौजेत हवालदार आहे. घरात ती, दोन मुलं आणि सासूबाई, ज्यांना ती अम्मी म्हणते. नवऱ्याची बदली जम्मूकडून पुण्याला झाली. क्वार्टर लगेच मिळणार नव्हतं, रजा होती वीस दिवसांची, आणि जूनमध्ये मुलांच्या शाळा सुरू होणार होत्या. "भाड्याचं घर शोधायचं तर एजंट लागतो म्हणतात," तिने लिहिलं होतं, "पण भरवशाचा एजंट कसा ओळखायचा, हे कुणी सांगत नाही. आम्ही दोनदा फसलो. तुम्ही काही लिहाल का?"

तळीये हे नाव वाचल्यावर पत्र बाजूला ठेवणं शक्य नव्हतं. २२ जुलै २०२१ रोजी संततधार पावसात तिथला डोंगर सुटला आणि कोंडाळकरवाडीतली घरं माणसांसकट गाडली गेली. ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्याच वेळी खाली महाड शहरात सावित्रीचं पाणी शिरलं होतं, त्यामुळे मदत वर पोचायलाही वेळ लागला. वाचलेली कुटुंबं पुढे बराच काळ कंटेनरच्या घरांत राहिली आणि म्हाडाने पुनर्वसनाची घरं बांधायला घेतली. आपल्या या बहिणीचं घर त्या दिवशी वाचलं. पण तेव्हापासून अम्मी पावसाळ्यातल्या रात्री झोपत नाहीत. छपरावर सर जोरात आली की उठून अंगणात जातात आणि वर डोंगराकडे बघत उभ्या राहतात. म्हणून या वेळी मुलाने ठरवलं होतं की पुण्याला जायचं ते सगळ्यांनी मिळून.

आम्ही त्यांच्याशी फोनवर बोललो, पुढे पुण्यात जाऊन भेटलोही. त्यांना जे सोसावं लागलं आणि त्यातून जे कळलं, ते आपल्या बऱ्याच घरांच्या उपयोगी पडेल असं वाटलं. महाड-पोलादपूरचा भाग फौजेला माणसं देणारा आहे. महाड तालुक्यातलं आंबवडे तर 'फौजी आंबवडे' म्हणूनच ओळखलं जातं. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातून शंभरावर जवान गेले होते. या परंपरेत सगळ्या जातीधर्मांची घरं आहेत, आपलीही आहेत. आणि फौजेतल्या माणसाचं घर दर दोन-तीन वर्षांनी उचलावं लागतं, मग तो कुठल्याही घरातला असो.

क्वार्टर का मिळत नाही

बाहेरच्यांना वाटतं, फौजी म्हणजे सरकारी घर ठरलेलं. तसं नसतं. स्टेशनवर जेवढी फॅमिली क्वार्टर्स असतात, त्यांहून मागणी जास्त असते. नाव यादीत लागतं आणि नंबर यायला काही महिने जातात. जवान फील्डमध्ये असेल तर कुटुंबासाठी वेगळी क्वार्टर्स असतात, पण तीही मोजकी. तोवर बाहेर भाड्याने राहावं लागतं. त्यासाठी युनिटची परवानगी आणि घरभाडे भत्त्याचे कागद लागतात. म्हणून पहिलं काम एजंटला फोन करण्याचं नाही. आधी युनिटमध्ये विचारा, यादीत आपला नंबर कितवा, साधारण किती महिने लागतील, भत्ता किती मिळेल आणि बाहेर राहायला परवानगी कशी मिळते. ही उत्तरं हातात नसतील तर एजंट विचारेल, "बजेट किती, किती महिन्यांसाठी?" आणि आपण अंदाजाने बोलू. अंदाजाने बोलणारं गिऱ्हाईक एजंटला लगेच कळतं.

पहिला एजंट: "आपलाच माणूस"

या कुटुंबाने पहिला फोन केला तो नात्यातल्या एकाने सुचवलेल्या एजंटला. मोबाइलवर घराचे फोटो आले. दोन खोल्या, स्वच्छ फरशी, मशिदीजवळ, शाळा चालत जाण्याच्या अंतरावर. भाडंही परवडणारं. एजंट म्हणाला, "घर उद्या जाईल, पाच हजार टोकन टाका, तुमच्यासाठी धरून ठेवतो. आपल्याआपल्यात पावती काय मागता?" पाच हजार गेले. पुण्यात पोचल्यावर फोन आधी वाजत राहिला, मग बंद झाला. फोटोतल्या इमारतीत दुसरंच कुटुंब तीन वर्षांपासून राहत होतं.

पाच हजारांपेक्षा जास्त दुखलं ते "आपल्याआपल्यात" हा शब्द. आपल्या समाजात हा शब्द फार वापरला जातो. माणूस आपला आहे, ओळखीचा आहे, मग कागद कशाला? कागद मागितला तर समोरच्याला वाईट वाटेल. पण कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, हे आपल्याला ठाऊक आहे. सूरह बकरामधली ती आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दल आणि साक्षीदार ठेवण्याबद्दल आहे. म्हणजे लिहून घेणं हा अविश्वास नाही, तो दीनचाच भाग आहे. जो माणूस खरंच आपला असेल, त्याला पावती द्यायला जड जाणार नाही.

फौजी कुटुंबांनी याबाबत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ऑनलाइन फसवणूक करणारे लोक अनेकदा स्वतःच फौजी असल्याची बतावणी करतात. "माझी बदली झाली आहे, घर भाड्याने द्यायचं आहे" असं सांगून कुणातरी जवानाच्या ओळखपत्राचा फोटो पाठवतात, विश्वास बसला की टोकन मागतात. म्हणून दोन नियम घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एक, आपल्या लष्करी ओळखपत्राचा किंवा कॅन्टीन कार्डाचा फोटो एजंटला मोबाइलवर पाठवायचा नाही. तो उद्या दुसऱ्याला फसवायला वापरला जाऊ शकतो. दोन, "पैसे परत पाठवतो, हा कोड स्कॅन करा" असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्यायचा. पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही, पिन टाकावा लागत नाही. तरीही पैसे गेलेच, तर त्याच तासात १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवायचं. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

दुसरा, तिसरा, चौथा: नाव ऐकेपर्यंत

टोकन गेल्यावर नवरा-बायको स्वतः फिरू लागले. कॅम्पाच्या जवळपासचे एजंट गाठले. "फौजी आहात? वा, मालक खूश होतील, फौजी लोक भाडं वेळेवर देतात," असं स्वागत झालं. मग नाव विचारलं गेलं. नाव सांगितल्यावर एक एजंट म्हणाला, मालकांना विचारून कळवतो. दुसरा म्हणाला, सोसायटीचा नियम आहे. तिसऱ्याने घर दाखवलं, मालकिणीने चहा दिला, संध्याकाळी निरोप आला की घर भावाला द्यायचं ठरलं. वीसपैकी नऊ दिवस असे गेले.

हवालदारसाहेब कमी बोलणारे आहेत. या विषयावर ते एवढंच म्हणाले, "चौकीवर रात्री शेजारी कोण झोपलाय, हे कुणी विचारत नाही. इथे जिन्यात कोण भेटणार, हे आधी विचारतात."

हा अनुभव वाचकांपैकी अनेकांना नवा नाही. त्यावर कुठे, कसं भांडायचं, हा वेगळा आणि मोठा विषय आहे. आम्ही तो टाळत नाही. पण रजेचे अकरा दिवस उरलेल्या माणसाला आधी घर लागतं. त्या वेळी त्याच्या हातात एकच गोष्ट असते, एजंट नीट निवडणं. आमचं म्हणणं असं: नाव लपवू नका. कुणी सुचवेल की आधी बायकोच्या किंवा मित्राच्या नावावर बोला, आडनावच सांगा, एकदा आत गेलात की कोण काढतंय? असं करू नका. ज्या घरात नाव लपवून शिरायचं, तिथे अम्मींना गॅलरीत नमाज पढतानाही दडपण येईल. उलट पहिल्या फोनवर, पहिल्या मिनिटाला, पूर्ण नाव सांगा आणि एजंट काय करतो ते बघा. तुम्ही एजंटची परीक्षा घेत आहात, आणि ही त्यातली सर्वांत स्वस्त परीक्षा आहे. दिवस वाया जाण्याआधीच निकाल लागतो.

पाचवा

पाचव्या एजंटचा नंबर युनिटमधल्या एका सुभेदारसाहेबांनी दिला. दोन वर्षांपूर्वी त्याने त्यांना घर शोधून दिलं होतं, आणि घर सोडताना डिपॉझिटही मालकाकडून पूर्ण परत मिळवून दिलं होतं. साठीचा माणूस, एका छोट्या गाळ्यात बसणारा. फोनवर त्याने विचारलं, "नाव पूर्ण सांगा साहेब. मी आधी मालकांशी बोलतो. ते हो म्हणाले तरच घर दाखवतो. तुमची रजा मोजकी आहे, पायपीट नको."

दुसऱ्या दिवशी त्याने दोन घरं दाखवली. पहिलं दोन हजारांनी स्वस्त होतं. अम्मी बरोबर होत्या. खोल्या बघण्याआधी त्या थेट मागच्या गॅलरीत गेल्या आणि विचारलं, "मागं डोंगर नाही ना?"

मुलाला अवघडल्यासारखं झालं. एजंट हसला नाही. "डोंगर नाही आजी," तो म्हणाला, "पण ओढा आहे. चला, दाखवतो." इमारतीच्या मागे नेऊन त्याने ओढा दाखवला आणि भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं तेही दाखवलं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने वस्त्यांमध्ये काय हाहाकार केला, ते वाचकांना आठवत असेल. शहराला डोंगर नसला तरी ओढे-नाले आहेत. "हे घर स्वस्त का, ते आता कळलं," एजंट म्हणाला. "घ्यायचं असेल तर घ्या, पण सांगितल्याशिवाय मी देत नाही."

त्यांनी दुसरं घर घेतलं.

आम्हाला विचाराल तर भरवशाचा एजंट कसा ओळखायचा, याचं उत्तर इथेच आहे. त्याच्या नुकसानीची गोष्ट तो स्वतःहून सांगतो का, हे बघा. मालक कोणाला नाही म्हणतो, पाणी कुठवर येतं, लिफ्ट कधीपासून बंद आहे, वरच्या मजल्यावर पाणी चढतं का. यांपैकी एखादी गोष्ट आपण न विचारता त्याने सांगितली, तर तो माणूस धरून ठेवा. फौजी कुटुंबाला हे जास्तच लागू पडतं. नवरा उद्या तीन महिन्यांच्या सरावाला किंवा पुन्हा फील्डमध्ये जाईल. मोटर जळाली, मालक तणतणला, करार संपत आला, तेव्हा फोन घरातल्या बाईला करायचा असतो. एजंट निवडताना आपण खरं तर त्या दिवसासाठी माणूस निवडत असतो.

विचारायचे प्रश्न

असा माणूस शोधायची सर्वांत चांगली जागा म्हणजे आपल्याआधी त्याच स्टेशनवर येऊन गेलेली कुटुंबं. युनिटमधल्या भगिनींना विचारा. पण "घर कुणी दिलं?" एवढंच विचारू नका. "सोडताना काय झालं?" हे विचारा. घरात शिरताना सगळेच एजंट गोड असतात.

एजंट भेटला की पुढचं आधीच बोलून घ्या. दलाली किती आणि कधी? पुण्यासारख्या शहरात भाडेकरूकडून साधारण एका महिन्याचं भाडं घेण्याची रीत आहे, पण ती रीत आहे, कायदा नाही. कमी करून मागता येते. दलाली करार झाल्यावर द्यायची, घर बघितल्यावर नाही. अकरा महिन्यांनी करार वाढवताना पुन्हा दलाली घेणार का, हेही आत्ताच विचारा. घर दाखवण्याचे वेगळे पैसे मागणाऱ्याला सलाम करून पुढे जा.

आता डिपॉझिट. मराठीत त्याला अनामत म्हणतात. शब्द आपल्या अमानतचाच आहे, आणि अर्थही तोच: दुसऱ्याकडे ठेवलेली आपली वस्तू, जी जशीच्या तशी परत मिळायची असते. म्हणून ती रोख देऊ नका. मालकाच्या खात्यावर भरा, एजंटच्या नाही. घरात सामान टाकण्याआधी भिंती, नळ, खिडक्या, पंखे यांचे फोटो काढून मालकाला पाठवून ठेवा, म्हणजे सोडताना वाद होणार नाही. काही जण मोठी रक्कम एकदम घेऊन भाडं माफ करतात, त्याला 'हेवी डिपॉझिट' म्हणतात. त्याची शरई बाजू आपल्या जाणत्या आलिमांना विचारा. व्यवहाराची बाजू एवढीच की बदलीच्या नोकरीत मोठी रक्कम दुसऱ्याकडे अडकवणं धोक्याचं आहे. बदलीचा आदेश मालकाच्या सोयीने येत नाही.

कागद कसा असावा

महाराष्ट्रात घर भाड्याने देताना 'लिव्ह अँड लायसन्स' करार होतो. नोटरी केलेला स्टॅम्प पेपर पुरतो, अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असे बरेच एजंट सांगतात. ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे हा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. ती केली नाही तर मालकाला दंड किंवा कैद होऊ शकते. वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, जोवर मालक उलट सिद्ध करत नाही. नोंदणी आता आधार आणि अंगठ्याच्या ठशावर घरबसल्याही होते. भत्त्यासाठी, शाळेसाठी, गॅससाठी हाच कागद लागतो. पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती देण्याचं कामही तेव्हाच उरकून घ्या आणि त्याची पोच जपून ठेवा.

करारात एक अट फौजी कुटुंबाने स्वतःहून घालायची आहे. अमेरिकेत २००३ चा एक कायदा आहे. त्याप्रमाणे सैनिकाला बदलीचा किंवा नव्वद दिवस किंवा त्याहून जास्त मुदतीच्या मोहिमेचा आदेश आला, तर तो घराचा करार दंड न भरता मोडू शकतो. आपल्याकडे भाड्याच्या घरासाठी तशी सवलत आयती मिळत नाही, ती करारात लिहून घ्यावी लागते. उलट शहरांतल्या करारांत 'लॉक-इन' नावाची अट असते. इतके महिने घर सोडायचं नाही, सोडलं तर उरलेलं भाडं भरा. सही करण्याआधी त्याखाली एक ओळ लिहून घ्या: भाडेकरूची बदली झाल्यास किंवा सरकारी क्वार्टर मिळाल्यास एक महिन्याच्या सूचनेवर घर सोडता येईल, आणि अनामत पूर्ण परत मिळेल. या कुटुंबाच्या एजंटने ती ओळ न सांगता लिहिली होती. फौजी भाडेकरूंशी त्याचा आधीही व्यवहार झालेला होता.

आणि करार कुणाच्या नावावर? आमचा आग्रह असा की शक्य असेल तिथे पत्नीच्या नावावर, किंवा दोघांच्या. नवरा हजर नसताना सही कुणाची चालेल, हा प्रश्नच उरत नाही. गावाकडच्या जमिनीच्या, घराच्या कामासाठी नोंदणीकृत मुखत्यारपत्र करून ठेवणंही शहाणपणाचं. जवान विशेष परिस्थितीत सेवेत असताना त्याच्या गैरहजेरीत दावा एकतर्फी चालू नये म्हणून १९२५ पासून एक कायदा आहे. अशी वेळ आलीच तर युनिटला आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला लगेच कळवा. रायगडचं कार्यालय अलिबागला आहे.

विकत घ्यायचं असेल तर

निवृत्ती जवळ आली की घर घेण्याचा विचार येतो, आणि फंडाची रक्कम हातात येणार हे एजंटांनाही ठाऊक असतं. विक्रीचा व्यवहार वेगळा. त्याला २०१६ चा रेरा कायदा लागतो. नोंदणीकृत प्रकल्पातलं घर विकणाऱ्या एजंटची महारेराकडे नोंदणी असावीच लागते. त्याचा नंबर 'ए' अक्षराने सुरू होतो, प्रकल्पाचा 'पी' ने. दोन्ही महारेराच्या संकेतस्थळावर तपासता येतात. एजंटांना प्रशिक्षण घेऊन परीक्षा देणंही आता सक्तीचं आहे. भाड्याच्या व्यवहाराला ही नोंदणी सक्तीची नाही, पण असली तर चांगलंच. आणि नोंदणीकृत विक्री करार होण्याआधी बिल्डर किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. फौजी कुटुंबांसाठी १९७८ पासून आर्मी वेल्फेअर हाउसिंग ऑर्गनायझेशनही घरं बांधते. बाहेर बघण्याआधी तिथल्या योजना पाहून घ्याव्यात.

हे सगळं कोरडं वाटेल. पण महाडकरांना कोरडं वाटणार नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडच्या काजळपुऱ्यात पाच मजली इमारत बघता बघता कोसळली. सोळा जीव गेले. इमारत जुनी नव्हती, दहा वर्षांचीही नव्हती. कुणी आयुष्यभराच्या कमाईने तिथे घर घेतलं होतं. डोंगराच्या पायथ्याचं घर असो की शहरातलं, ते कशावर उभं आहे हे विचारायचा हक्क आपला आहे. अम्मींचा प्रश्न भाबडा नव्हता.

सामान गेलं

मेच्या शेवटच्या आठवड्यात टेम्पो वरंधा घाट चढून भोरमार्गे पुण्याला गेला. पाऊस लागला की तो घाट बंद होतो, म्हणून घाई होती. अम्मींनी बरोबर नेलं ते तांदळाचं पोतं, जातं आणि आगोटीसाठी केलेली सुकी मासळी. जातं कशाला, असं सुनेने विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "घर आहे ना ते? मग जातं नको?"

आम्ही भेटायला गेलो तेव्हा जुलै महिना होता. बाहेर पाऊस पडत होता. हवालदारसाहेब ड्युटीवर होते. सुनेने करार, पावत्या, मुलांच्या शाळेचे कागद एका फाइलमध्ये लावून ठेवले होते, आणि फाइलच्या आतल्या बाजूला एजंटचा नंबर मोठ्या अक्षरांत लिहिला होता. बुडालेले पाच हजार आजही परत आलेले नाहीत. तक्रार दिली आहे, बघू. "पण आता कुणी 'आपल्याआपल्यात' म्हणालं ना," ती म्हणाली, "की मी आधी पेन काढते."

अम्मी कुठे आहेत म्हणून आम्ही विचारलं. तिने आतल्या खोलीकडे बोट दाखवलं आणि आवाज हलका करायला सांगितलं. पाऊस जोरात लागला होता, आणि अम्मी झोपल्या होत्या.

ज्यांच्या घरातलं कुणी फौजेत आहे, पोलिसांत आहे, बदलीच्या कुठल्याही नोकरीत आहे, त्यांनी आपले घर शोधण्याचे अनुभव आम्हाला जरूर कळवावेत. कुणाचं नाव छापणार नाही. पण एकाला लागलेली ठेच दुसऱ्याला सांगितली, तर दुसरा जपून पाऊल टाकेल. अल्लाह आपल्या सर्वांच्या घरांना आणि घरापासून दूर असलेल्यांना सलामत ठेवो. आमीन.